तांबोशीचा महिना

ऑक्टोबर, जसा सांगितला

"पाणी अजून गढूळ आहे, सर. खाडीतून लाल माती उतरतेय. आता येऊन काही उपयोग नाही."

ऑक्टोबर, जसा होता

नितळ. देवबागच्या टोकाशी कर्लीची खाडी समुद्राला मिळते, तिथे वाळूवर पडलेला शिंपला वरून दिसत होता.

फोन प्लासिदचा. तो जाऊन वर्ष होत आलं होतं, पण कोन्सेसांव नवऱ्याचा फोन रोज चार्जिंगला लावायची, कारण त्याची गिऱ्हाइकं त्याच नंबरावर यायची. गळाचे शौकीन लोक. पुण्याहून, बेळगावहून यायचे, लांब रॉड घेऊन होडीत बसायचे, मासा लागला की त्याचा फोटो काढायचे आणि परत पाण्यात सोडायचे. "सोडूचो हा तर धरतास कित्याक?" असं ती प्लासिदला जन्मभर विचारत आली. तो हसायचा आणि कालवणाचं भांडं रिकामंच राहायचं.

त्याची एक पद्धत होती. कुणाचाही दिवस ठरवण्याआधी तो स्वतः खाडीच्या तोंडाशी होडी नेऊन पाणी बघून यायचा. बरं नसलं तर फोन लावून सांगायचा, "येव नकात." भर सीझनमध्ये. गाडीत सामान भरलेल्या माणसालासुद्धा. वाडीतले लोक त्याला खुळा म्हणायचे. पण पाण्याच्या बाबतीत त्या घरातून खोटा शब्द निघत नाही, हे तिकडे पुण्या-बेळगावात पक्कं झालं होतं.

ती पुण्याई आता कोन्सेसांव खर्चत होती.

सामंत सरांनी पलीकडून विचारलं, "काय गो कोन्सू, आज शाळेतली भाषा?"

दत्तप्रसाद सामंत मूळचे वालावलचे. पुण्यात प्राध्यापकी करून निवृत्त झाले तरी मालवणी सुटली नव्हती. कोन्सेसांवला मात्र मालवणीत खोटं बोलता येईना. पंचायतीत, बँकेत बोलतात ती मराठी त्या कामाला बरी पडायची.

"तुमच्याशी बोलायचं म्हणून नीट बोलते, सर."

"बरा. तू म्हणतंस तर नोव्हेंबरात बघूया."


का, ते इथेच सांगितलेलं बरं

अ‍ॅल्स्टन, एकुलता एक. त्याला कतारच्या बंदरात टग बोटीवर नोकरी लागली होती. एजंट दर दोन-तीन महिन्यांनी माणसं पाठवायचा, यातल्या कुठल्याही खेपेला याने जावं, एवढाच प्रश्न. पण प्लासिदने हॉस्पिटलच्या खाटेवरून सरांना फोनवर शब्द दिला होता: "येत्या सीझनाक तुमका तांबोशी गावतली." इतकी वर्षं येऊन सरांच्या गळाला तांबोशी, खाडीतला तो तांबडा दांडगा मासा, कधी टिकली नव्हती. लागायची, खारफुटीच्या मुळांत घुसायची, दोरी तोडायची. अ‍ॅल्स्टन शेजारीच उभा होता तेव्हा.

"पपाचो शब्द पुरो करतंय," तो आईला म्हणाला, "मगे जातंय. सरांका तू इचार, कधी येतत ता."

तिने विचारलं. सरांना सांगितलं, पाणी बरं नाही. मुलाला सांगितलं, सरांना जमत नाही. दोघांच्या मध्ये ती उभी, आणि जोवर ती उभी आहे तोवर मुलगा घरात.


नोव्हेंबर, जसा सांगितला

"वादळाचा इशारा दिलाय, सर."

नोव्हेंबर, जसा होता

पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटायचा. समुद्र त्याच्यापुढे सपाट झोपलेला. अ‍ॅल्स्टन मालवणात पर्यटकांच्या बोटीवर कामाला जायचा, संध्याकाळी पाय धुता धुता विचारायचा, "सर काय म्हणतत?"

"जमणा नाय म्हणतत."

"परत?"

"म्हातारे माणूस ते. घाई करून चलात?"

तो जेवायला बसायचा. ती त्याला आणखी एक तुकडी वाढायची.


डिसेंबर

चर्चमध्ये प्लासिदच्या वर्षाची मिस्सा झाली. त्या महिन्यात सरांनी फोन केला, पण पाण्याबद्दल विचारलं नाही.


फेब्रुवारी, जसा सांगितला

"पाणी फार थंड आहे. मासा तोंड उघडत नाही."

कोन्सेसांव हे बोलत असताना शेजारची सुगंधा ओटीवर सुपात तांदूळ पाखडत बसली होती. फोन ठेवल्यावर ती सूप खाली न ठेवताच म्हणाली, "गो कोन्सू, तुज्या घोवान माशे सोडल्यान. तू गिऱ्हायका सोडतंस."

"तुका काय करूचा हा?"

"माका काय. झापांखाली ती होडी सुकान चिरा पडतत, ता दिसता म्हणान बोललंय."

होडी खरंच सुकत चालली होती. माडाच्या विणलेल्या झापांखाली तिच्या फळ्यांच्या सांध्यात नख जाईल एवढी फट पडली होती. कोन्सेसांवने ती पाहिली. दुसऱ्या दिवसापासून कुणी नसताना ती बादलीभर पाणी आणून होडीच्या पोटात ओतू लागली. का, ते तिला सांगता आलं नसतं. होडी टिकली तर मुलगा जाणार. आणि प्लासिदची होडी तिला फुटायला नको होती.


मार्च, जसा सांगितला

"जेलीफिश आलेत फार."

यावेळी सर पटकन "बरा" म्हणाले नाहीत. 

"कोन्सू, माजो उजवो हात आता थरथरता गो. चमचो धरूक मुलगी लागता. रॉड कितपत धरतलंय, ठावक नाय. पाणी जरा बरा झाला की लगेच सांग. चार मासे कमी असले तरी चलात."

तिला वाटलं, आता सांगावं. या म्हणावं. 

"सांगते, सर."

त्या दिवशी ती चर्चमध्ये जाऊन बसली आणि प्रार्थना न करताच परत आली.


एप्रिल, न सांगितलेला

रविवार होता. मिस्साहून येऊन अ‍ॅल्स्टन अंगणात इंजिन पुसत होता. गाडी आली. चालवत होती सरांची मुलगी समीक्षा. मागचं दार उघडून सर उतरले, काठी टेकत. आधी कुणाशी बोलले नाहीत. घराच्या मागे गेले, खाडी दिसते तिथे उभे राहिले.

पाणी काचेसारखं होतं. भरती संपत आली होती. कुठे जेलीफिश नाही, कुठे माती नाही. ज्याने या पाण्याकडे वर्षानुवर्षं पाहिलंय, त्याला एका नजरेत कळावं की हे असं आज नाही झालेलं, सबंध सीझन असंच होतं.

कोन्सेसांव दारात उभी. हाताला भांड्याची राख तशीच.

अ‍ॅल्स्टन धावत आला. "सर, आज कसे काय? तुमका तर सगळो सीझन जमला नाय म्हणे."

सरांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं.

"जमला नाय रे," सर म्हणाले. "म्हातारपण. आज मुलीच्या पाया पडून इलंय."

"पाया कसले पडतायत," समीक्षा म्हणाली. "दोन दिवस जेवले नाहीत हट्टाने."

अ‍ॅल्स्टनने झापा ओढून काढल्या. होडी पाण्यात ढकलली. फळ्या फुगलेल्या होत्या, आत थेंब आला नाही. त्याने सरांना लहान मुलासारखं उचलून आत बसवलं. समीक्षा मागच्या फळीवर बसली. कोन्सेसांव काठावर राहिली.

खारफुटीपाशी होडी थांबलेली तिला इथून दिसत होती. ओहोटी लागली. सर रॉड धरत, रॉड हलत राही. मग अ‍ॅल्स्टन त्यांच्या मागे जाऊन बसला आणि त्यांच्या हातांवर आपले हात ठेवले. प्लासिद असाच बसायचा, नवख्या माणसामागे.

एकदा रॉड वाकला. पार पाण्याला टेकला. दोघं एकाच वेळी मागे झुकले, समीक्षा उभी राहिली, होडी कलली. आणि रॉड झटकन सरळ झाला.

दोरी तुटली.

होडी काठाला लागली तेव्हा सर दमून पांढरे पडले होते. अ‍ॅल्स्टनने त्यांना खुर्चीत बसवलं, गुडघ्यावर बसून त्यांच्या चपला चढवल्या. आणि खाली बघतच विचारलं, "सर, तांबोशी लागली पण गावली नाय. पपाचो शब्द पुरो झालो काय?"

कोन्सेसांव मनातल्या मनात सरांना म्हणत होती, नाही म्हणा. पुढल्या वर्षी परत येतो म्हणा. मघाशी तिच्यासाठी एक खोटं बोलले होते, अजून एक.

सर तिच्याकडे पाहत होते. 

"पुरो झालो," ते म्हणाले.

अ‍ॅल्स्टन इंजिन उतरवायला गेला. समीक्षा गाडीत सामान ठेवायला. ओटीवर दोघंच उरली.

"नाय म्हणाक तुमका काय झाला होता?" ती म्हणाली. मालवणीत.

"तांबोशी लागली; गावली असती तरी सोडूचीच होती. प्लासिदान माका कधी खोटा सांगूक नाय, कोन्सू. तेच्या शब्दाबद्दल मी खोटा कसा सांगू?" मग जरा थांबून, "तू सांग तेका. थांब म्हणान सांग. तुजो झील तो."

"सांगलंय तर थांबतलो, सर." तिने पदराने हाताची राख पुसली. "म्हणानच सांगूक नाय."

सरांनी आपला थरथरता हात दुसऱ्या हाताने दाबून धरला. 


मे

सांगण्यासारखं काही नाही. सुगंधाने लोणच्याची बरणी दिली, कोन्सेसांवने ती कपड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवली. विमान गोव्याहून. गाडीने गोव्याच्या हद्दीवरचा इन्सुलीचा नाका ओलांडला तेव्हा अ‍ॅल्स्टनने फोन करून सांगितलं, नाका ओलांडला. पोचल्यावर परत केला. मग तिकडचा नंबर मिळाला.

सरांच्या घरून एकदा समीक्षाने फोन केला. वडील आता झोपूनच असतात, म्हणाली. तुमचं नाव काढतात.


जून

मासेमारी बंद. होडी वर ओढून झाकलेली.

प्लासिदचा फोन वाजला. कोल्हापूरचा कुणी माणूस, नवीन, नंबर कुणाकडून तरी मिळालेला. मित्रांना घेऊन गळाला यायचंय, म्हणाला, सुट्ट्या आत्ताच टाकायच्या आहेत, तर कुठला महिना बरा?

कोन्सेसांव ओटीवर बसली.

"आक्टोबराच्या सुरवातीक येव नकात," ती म्हणाली. "दसऱ्यानंतर पाणी नितळता. नोव्हेंबरात पहाटे मतलई वारो आसता, तेव्हा भायर इसवण गावता. सुरमई म्हणतास तुमी तेका. फेब्रुवारीत पण बरा. तांबोशी होयी तर मार्च-एप्रिल. भरती सरता सरता खारफुटीच्या कडेक. दोरी जाड घेवा, ती मुळांत घुसता."

"वा," माणूस म्हणाला. बहुतेक लिहून घेत होता. "मग एप्रिलचं बुकिंग करूया? होडी कोण चालवतं?"

"कोण नाय. होडी बंद आसा."

पलीकडे जरा गोंधळ झाला.

"अहो, मग एवढं सगळं सांगितलंत कशाला?"

"तुमी इचारलास म्हणान," कोन्सेसांव म्हणाली.