ओव्हनमधलं कार्ड

"अहो, काढा आता. कोळसा व्हायची वाट बघताय का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओव्हनच्या काचेशी नाक नेऊन बसले होते. मी पुन्हा टोकलं तेव्हा हवा हुंगल्यासारखं केलं आणि बटण फिरवून बंद केलं. दार मात्र उघडलं नाही. थंड झाल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. कारखान्यात जन्मभर बॉयलर सांभाळला. पेटवायचा कधी ते साहेब सांगायचे, बंद करायचा कधी ते ह्यांचं नाक सांगायचं. निवृत्त झाल्यावर त्या नाकाला काही काम उरलं नव्हतं. ते पोराने घरात आणून दिलं.

ओव्हन माझा. त्यात मी केक भाजायची, आख्खी गल्ली न्यायची. आता त्यात कॉम्प्युटरची कार्डं भाजतात. पहिलं कार्ड आत गेलं त्या दिवशी मी सांगितलं, यापुढे ह्यात खायचं काही जाणार नाही, आणि माझ्याशी कोणी केकचं नाव काढायचं नाही. दोघांनी माना डोलावल्या. बाप-लेक माना डोलावण्यात एकदम तरबेज.

पोराचं खालीच दुकान आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे चित्र उमटतं, ते उमटवणारी एक जाड पाटी असते, तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात, एवढं मलाही आता कळतं. नव्या पिढीची कार्डं निघाली आणि लोकांना वेड लागलं. गेम खेळणाऱ्यांना हवं, लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्यांना हवं. पण त्यांच्या हाताला लागण्याआधीच मोठ्या कंपन्या ट्रकच्या ट्रक उचलून नेतात. कॉम्प्युटरला बोलायला शिकवतात म्हणे. घरात बोलणारे कमी पडले असतील त्यांना.

आमच्यासारख्या दुकानाला ठोकवाला पुढच्या आठवड्याचा वायदा देतो. कधी एखादं कार्ड दिलंच, तर सोबत कोणी घेत नाही असली डबडी गळ्यात मारतो. दुकानात माणसं येऊन बसायची. लग्नाचे व्हिडिओ करणारा एक व्हिडिओवाला तर हेल्मेट मांडीवर घेऊन रोज यायचा, जसा काही नातेवाईक आत ऑपरेशनला आहे.

नवीन मिळेना, मग लोक जुनी, मेलेली कार्डं घेऊन येऊ लागले. आतल्या बारीक जोडांना तडे गेलेले असतात. बेतशीर भाजलं की ते पुन्हा चिकटतात आणि कार्ड उठून बसतं. पण किती दिवस, ते कोणीच सांगू शकत नाही. पोरगा प्रत्येकाला बजावायचा, नवीन मिळेपर्यंतच चालवा. मी मात्र गल्लीभर सांगत फिरायची की माझ्या पोराच्या हातात जादू आहे.

मी टोकलं त्या दिवशी ओव्हनमध्ये होतं ते कार्ड स्कॅन सेंटरचं होतं. तिथली मशीन चालवणारी मुलगी स्वतः घेऊन आली होती. छातीचे, पोटाचे फोटो ज्या कॉम्प्युटरवर बघतात, त्यातलं. पोरगा आधी नाहीच म्हणाला. हे गेम खेळायचं मशीन नाही, बाई, उद्या मध्येच बंद पडलं तर? ती म्हणाली, कंपनी थांबा म्हणते, आजारी माणसांना कसं थांबवू? तिचे डोळे भरून आले आणि पोरगा विरघळला. बापावर गेलाय.

कार्ड थंड झालं, लागलं, चालू झालं. ती पेढे मिळाल्यासारखी हसत गेली. पण खाली फोन वाजला की मला वाटायचं, गेलं. रस्त्यातून कोणाला झोपवून नेताना दिसलं की वाटायचं, ह्याचा फोटो नीट निघाला असेल ना?

आणि त्याच दिवसांत ह्यांचा खोकला वाढला. मी आधी ओव्हनच्या धुराला शिव्या घातल्या, मग कारखान्याला, मग ह्यांना. डॉक्टरांनी कोणालाच शिव्या घातल्या नाहीत. छातीचा स्कॅन करून आणा म्हणाले, एवढंच. असे हळू बोलणारे डॉक्टर मला आवडत नाहीत.

सेंटर तेच. गावात दुसरं नाही.

ह्यांना आत नेलं. जाताना शर्ट काढून माझ्या हातात दिला, घडी करून. तिथल्या माणसांनी मला बाहेर बसा म्हटलं, पण मी त्या मुलीच्या मागे कॉम्प्युटरच्या खोलीत शिरले. कार्ड आमच्या घरातून आलेलं, मला कोण अडवतं? काचेपलीकडे ह्यांचे पाय तेवढे दिसत होते. पायमोज्याला भोक होतं. सकाळी माझ्या नजरेतून सुटलं होतं.

पडद्यावर करडं चित्र आलं आणि त्यावर हिरव्या रेघा. उभ्या, शिलाईसारख्या एकसारख्या. मुलगी पुटपुटली, "अगं बाई, कार्ड गेलं."

रेघांच्या आड, खालच्या बाजूला, एक पांढरा डाग होता. शर्टाच्या बटणाएवढा.

"हा कार्डाचाच ना गं?" मी विचारलं.

"काकू, आत्ता काही सांगता येणार नाही."

तिने चित्र वर सरकवलं, खाली सरकवलं. रेघा होत्या तिथेच राहिल्या. डाग चित्राबरोबर सरकला. मी ते बघितलं. बघितलं आणि शर्टाची घडी उगाच मोडून पुन्हा घातली.

मग पोराला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काम बिघडलं हे मी तोंडाने म्हटलं. म्हटलं, तुझं कार्ड खराब निघालंय. रेघा येतात, डाग येतात, अगदीच खराब. दुकानात आलेलं नवीन आहे ना, ते घेऊन ये.

त्या आठवड्यात एकुलतं एक नवीन कार्ड आलं होतं. सीलबंद. ते व्हिडिओवाल्याला कबूल केलेलं होतं, आणि पोरगा खोका छातीशी धरून आला तेव्हा मागून हेल्मेट घेऊन तोही आला. मला वाटलं, आता हा भांडणार. तो दाराशीच थांबला. मुलीकडे बघितलं, माझ्या हातातल्या शर्टाकडे बघितलं.

"लावा," म्हणाला. "माझं काय, नवरा-नवरी भांडायला लागायच्या आत व्हिडिओ दिला की झालं."

पोराने किल्लीने सील फाडलं. किल्ली दोनदा घसरली. एरवी सुईच्या टोकाएवढे जोड लावणारा हात. जुनं काढलं, नवीन बसवलं. पडदा काळा झाला. तो काळा असेपर्यंत मी एकच मागत होते, आणि कोणत्या आईने असलं मागितलं नसेल: माझ्या पोराचं काम पूर्ण वाईट निघू दे. रेघाही त्याच्या असू देत आणि डागही.

चित्र आलं. रेघा एकही नव्हती. इतकं स्वच्छ चित्र त्या खोलीत कधी दिसलं नसेल. डाग आता बटणासारखा गोल राहिला नव्हता, त्याच्या कडेचे बारीक फाटे वेगवेगळे दिसत होते.

मुलीने खुर्ची हळूच मागे घेतली आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. पोरगा पडद्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "बसवलंस बाबा नीट."

इतका वेळ आत पडून राहिलेले हे बाहेर आले. मी त्यांना शर्ट चढवला, बटणं मीच लावली. एरवी हात झटकला असता, आज लावू दिली. आमची तोंडं बघून त्यांना काय कळायचं ते कळलं असेल, पण विचारलं ते भलतंच.

"माझं कार्ड गेलं का रे?"

"हो बाबा."

"लवकर बंद केलं मी. अजून थोडं हवं होतं." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "हिने घाई केली."

इतक्या वर्षांत त्यांचा एक शब्द मी वर राहू दिलेला नाही. म्हटलं, "हो, मीच केली."

ते चमकले.

घरी जाताना जुनं कार्ड त्यांनी मागून घेतलं, रुमालावर ठेवून मांडीवर धरलं. नुकतंच मशीनमधून निघालेलं. गाडी वळली तशी ते घसरेल म्हणून मी हात पुढे केला.

"थांब," म्हणाले. "अजून गरम आहे. थंड होऊ दे."

मी हात मागे घेतला नाही. कार्डाच्या वर तसाच धरून बसले, न टेकवता. खालून ऊब लागत होती, आणि ती हळूहळू कमी होत होती.