मागून मांडलेला संसार

"श्रीमंताचा संसार मी मांडून देते. इकत काई आनायचं न्हाई. गावात ज्याला जे नको झालंय, त्यातनंच मांडते," असं भागूबाईनं भर सकाळी पारापाशी जाहीर केलं, तेव्हा हसायची कुणाची छाती झाली नाही. चिंचोलवाडीत पाटलाचा शब्द एक वेळ खाली पडेल, भागूबाईचा पडायचा नाही. पडलाच तर तीच तो उचलून समोरच्याच्या टाळक्यात घालायची.

श्रीमंत हा नावाचाच श्रीमंत. मुंबईला गोदीत हमाली करायचा. त्या वर्षी चैत्रात गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं आणि अर्धी मांडवी पेटली. लोक सांगत, सोन्याच्या विटा उडून माणसांच्या घरात पडल्या. श्रीमंताच्या घरात पडला तो निखारा. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, संसाराची राख झाली, आणि नवराबायको अंगावरच्या कपड्यांनिशी गावी परत आली. बापाच्या वाटणीचं दोन खणांचं घर होतं. त्यात चुलीला जागा होती, पण चुलीवर ठेवायला भांडं नव्हतं.

त्याची बायको राहीबाई मोलमजुरीला जाऊन नवऱ्याला जगवत होती. कामाला ती वाघीण; पण दळण आलं की तिचं तोंड उतरायचं. घरात जातं नव्हतं. शेजारी थोरली जाऊ कडूबाई, तिच्या ओट्यावर दळायला बसावं लागे. मुंबईला गिरणीचं पीठ खाल्लेल्या राहीच्या हाताला फोड यायचे, आणि फोडावर मीठ चोळायला कडूबाई समोर बसलेलीच.

"आली का बम्बईची रानी? दळा बाई, दळा. जातं काय, आमचं हायेच. तुमच्यावानी आमाला कुटं गिरन्या?" असं म्हणून दळणातलं ओंजळभर पीठ ती काढून घ्यायची. जात्याची झीज होते ना, त्याचं! दगड झिजतो हे खरं, पण कडूबाईचा दगड रोज ओंजळभर झिजत होता.

एक दिवस विहिरीवर राहीनं भागूबाईला सांगून टाकलं. "मावशी, बाजाराच्या दिवशी आमी मुंबईला परत चाललो. फुटपाथावर ऱ्हाऊ, पन जावंच्या दारात दळायला बसनार न्हाई."

"आन् श्रीमंताचा हात?"

"त्याचं काय व्हायचं ते हुईल."

"आगं, हात गेलेल्या हमालाला मुंबईत कुत्रं तरी इचारतं का? भीक मागत फिरशीला दोघं!"

"हितं तरी काय येगळं करतीय मी, मावशी?" राही म्हणाली आणि घागर उचलून चालू लागली.

भागूबाईला ते लागलं. ती नवऱ्यामागं एकटी राहत होती. एकुलता एक गेनू पलटणीत भरती होऊन दर्यापलीकडं लढाईवर गेलेला. राही आल्यापासून संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायची, दोघी मिळून शेंगा फोडायच्या, आणि भागूबाईला घर भरल्यासारखं वाटायचं. ही पोरगी मुंबईच्या फुटपाथावर जाणार? हे होऊ द्यायचं नाही, असं तिनं तिथल्या तिथं ठरवलं. पारावरची घोषणा झाली ती दुसऱ्याच सकाळी.

मग पाटी डोक्यावर घेऊन तिनं गाव पालथं घातलं. कायदे तिचेच. फुटकं घेणार नाही. दिल्यावर "त्यो तांब्या माझा" असं मरेपर्यंत बोलायचं नाही. आणि कुणाचं काय आलं ते राहीला कळता कामा नये. सगळं भागूबाईच्या पाटीतून जाईल, म्हणजे पोरीला दारोदार मान खाली घालावी लागणार नाही.

गाव गावासारखंच वागलं. एकीनं बुडाला भोक पडलेला हंडा पुढं केला. भागूबाईनं तो उजेडाला धरला, भोकातून तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हे मला देतीस, का उकिरडा लांब पडतोय म्हनून?" बाई लाजली आणि आतून धड पातेलं घेऊन आली. लाटणी तर ढिगानं आली. भाकरी थापणाऱ्या गावात लाटणं कुणाला हवंय? लग्नात आलेली, तशीच फडताळात पडलेली. "बास गं बायांनो! त्यांचा संसार मांडायचाय, मारामारी न्हाई करायची," असं भागूबाई ओरडली तेव्हा कुठं लाटणी यायची थांबली.

पण चांगलंही खूप आलं. फाटक्या गोधड्या, उशा, जे म्हणून कुणाला नको होतं ते तिनं चांदभाई पिंजाऱ्याच्या दारात नेऊन टाकलं. त्यानं तो जुना कापूस पिंजून असा फुलवला की बघत राहावं, आणि त्याच्या बायकोनं, रोशनबीनं, त्याची जाड गादी शिवली. योहान मास्तरांच्या मरियाबाईंनी कंदील दिला आणि नगरच्या मिशन बंगल्यातून कधीतरी आलेली वेताची खुर्ची दिली. त्यांच्या घरात ती अडचणच करत होती. श्रीमंत भाजलेला हात मांडीवर घेऊन तिच्यात बसला, तर येणारेजाणारे त्याला रामराम करू लागले. तोही बिचारा मामलेदारासारखी मान हलवायचा.

बघता बघता घर भरलं. हंडा, कळशी, तवा, परात, सूप, पाटा-वरवंटा. काही म्हणता काही राहिलं नाही. राहिलं ते एक जातं.

जातं कुणीच देईना. चिंचोलवाडीत जातं म्हणजे घरची लक्ष्मी. शेजारणीला दळायला बसू देतील, पण जातं घराबाहेर जाऊ देणार नाहीत. एखाद्या घरात दोन असली तरी दोन्ही तिथंच राहायची. जातं बाहेर गेलं की त्याच्यामागं घरातलं माणूस जातं, असं जुन्या बाया सांगायच्या. आणि जुन्या बायांचं ऐकायचं नाही असं एकटीदुकटीला वाटलं तरी सगळ्यांनी मिळून कधी वाटून घेतलं नव्हतं.

कडूबाईला तर उकळ्या फुटल्या. "घर भरलं गं बाई, लई छान झालं! पन पीठ माझ्याच जात्यावर, न्हाई का?"

भागूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक रोशनबीकडं गेली. रोशनबीची सासू नुकतीच वारली होती, तिचं जातं कोपऱ्यात होतं. रोशनबीनं तिचे दोन्ही हात धरले. "सब लेव भागूबाई, पन जाता मत मांगो. घर की बरकत जाती."

"तुमच्यात बी?"

"हमारे में भी, माय."

मग मरियाबाई. इथं तरी काम होईल, असं भागूबाईला वाटलं होतं. मरियाबाईंनी पदर सारखा केला. "आम्ही लक्ष्मीबिक्ष्मी मानत नाही हो. पण सासूबाई म्हणायच्या, जातं मात्र देऊ नये."

आता मात्र भागूबाईचा तोल गेला. "येशूचं नाव घेता आन् धोंड्याला भिता? आख्खं गाव भित्रट! सगळ्या जातीचं, सगळ्या धर्माचं, आन् एकजात भित्रट!"

मरियाबाई शांतपणे म्हणाल्या, "भिते मी, खरंच भिते. आणि माझ्याकडं एकच आहे. पण भागूबाई, तुमच्या गोठ्यात एक रिकामं पडलंय ना?"

भागूबाईनं पाटी उचलली आणि भांडण अर्धं टाकून घराकडं निघाली. उभ्या गावानं हे दृश्य पाहायला हवं होतं, कारण असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

खरंच होतं ते. सासूचं जातं. सासूनं मरताना सांगितलं होतं, "भागे, जपून ठेव." तिच्या माघारी भागूबाईनं एक नवं हलकं जातं वापरायला काढलं आणि सासूचं गोठ्यात ठेवलं. गावभर जातं मागत हिंडताना तिला ते आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं, आणि दर वेळी तिनं मान दुसरीकडं वळवली होती. गेनू लढाईवर होता. त्याची खुशाली येऊन बरेच दिवस झाले होते. इतरांच्या घरातलं माणूस घरात होतं, तरी ते भीत होते. तिचं तर बंदुकीच्या तोंडाशी होतं.

संध्याकाळी राही आली तेव्हा भागूबाईनं काही लपवलं नाही. "माझ्याकडं एक जातं हाय. पन माझा हात हुईना, पोरी. गेनूची भीती वाटती."

"नका देऊ, मावशी," राही लगेच म्हणाली. "मी मागितलंच न्हाई. तुमी लई केलं. उद्या बाजार हाय, पारनेरला जानाऱ्या गाडीनं आमी निघतो. भांडी ज्याची त्याला देऊन टाका." आणि तिनं वाकून भागूबाईच्या पायावर डोकं ठेवलं. भागूबाईला वाटलं, त्यापेक्षा हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उजाडल्यावर गुरांना वैरण टाकायला ती गोठ्यात गेली. कडबा ओढला तशी जात्याच्या तोंडातून पाल सळकन बाहेर पडली. खाली उंदरांनी घर केलं होतं, खुंटा वाळवीनं खाल्ला होता. भागूबाई कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"ही माझी लक्ष्मी!" ती स्वतःलाच म्हणाली. "सासू जपून ठेव म्हनली हुती. कडब्याखाली गाडून ठेव म्हनली न्हवती." याच जात्याच्या पिठावर तिचा नवरा वाढला, गेनू वाढला. जातं फिरलं म्हणून ते वाढले, नुसतं घरात बसलं म्हणून नव्हे. दळायचं थांबल्यावर ते कुणाला राखणार होतं? भीती काही गेली नाही. पण भीती वाटते म्हणून हातातलं काम सोडायची तिला सवय नव्हती.

"ए रोशनबी! ओ मरियाबाई!" तिनं अंगणातून अशी हाळी दिली की कोंबड्या उडाल्या. "धोंडा द्यायला भिता ना? मग उचलायला तरी या!"

दोघी आल्या. रोशनबी आणि मरियाबाईंनी जात्याची खालची तळी काठीला बांधून खांद्यावर घेतली. वरची तळी भागूबाईनं चुंबळ करून डोक्यावर घेतली आणि कडूबाईच्या दारावरूनच निघाली. दुसरी वाट जवळची होती.

कडूबाई उंबऱ्यातून ओरडली, "आगं भागूबाई! पोरगं लढाईवर हाय तुझं, आन् घरातली लक्ष्मी बाहेर काढतीस?"

रोशनबीची पावलं थबकली. भागूबाईची मान डोक्यावरच्या दगडाखाली ताठ होती. "काढते," ती म्हणाली. "माझ्या पोराला परमुलखात कुनीतरी भाकरी वाढत आसंल. मी हितं दगड दाबून बसू व्हय? सरक, वाट सोड."

राहीच्या दारात गाडी उभी होती. श्रीमंत चढायच्या बेतात होता. तिघींना पाहून राही आडवी आली. "मावशी, न्हाई! मी हे घेनार न्हाई. उद्या काई वाईट झालं, तर जलमभर माझ्या माथी ऱ्हाईल."

"झालं तर माझ्या माथी," भागूबाईनं तळी खाली ठेवली. घामानं ती निथळत होती. "तुझ्या माथी फकस्त दळन. श्रीमंता, उतर खाली! खुर्चीत बसायची सवय लागली म्हनून गाडीत बी बसतोस का?"

श्रीमंत उतरला. गाडीवाला थोडा वेळ वाट पाहून निघून गेला. बायकांनी मिळून जमीन उकरली, जातं रोवलं, धुतलं. श्रीमंतानं डाव्या हातानं बाभळीचा खुंटा तासून बसवला. जात्याला हळदकुंकू लागलं. मरियाबाईंनी ते चालवून घेतलं, उलट घरून सूपभर बाजरीच आणली.

राही जात्याशी बसली. कडूबाईच्या ओट्यावर ती नेहमी ओठ आवळून दळायची. दुसऱ्याच्या दारात कुठली ओवी सुचणार? आज तिनं घास घातला, खुंटा फिरवला, आणि जातं पहिल्यांदा कुरकुरून मग घरघरू लागलं. ओवीत बाया आपल्या भावाचं नाव गुंफतात. राहीला भाऊ नव्हता, हे तिघींनाही ठाऊक होतं. तिनं आणखी एक घास घातला. मग मान वर न करता, बसक्या आवाजात, तिनं सुरुवात केली:

"बाजरीचं पीठ पडं, भवताली गोळा झालं,
गेनू माझ्या बंधवाचं नाव मुखामधी आलं."

भागूबाईनं चौकट धरली. गेनूची वाट बघणारं घर जगात एकच आहे, असं तिला इतके दिवस वाटत होतं. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहू लागलं, तिनं ते पुसलंही नाही.

"मोठ्यानं म्हन, पोरी," ती म्हणाली. "लई लांब जायचं हाय त्या ओवीला."