अर्थ नसलेली रेघ

पाच महिन्यांच्या निळूचा श्वास नीट चालला आहे ना, हे बघायला प्रेमला पुन्हा झोळीशी गेली, तसे खेडकर सर यंत्रावरून मान न उचलता म्हणाले, "चालू आहे हो, बाई. बंद पडलंय ते इकडे."

मेहकरच्या नव्या कॉलेजातली ही पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा. सर विभागप्रमुख, प्रेमला डेमॉन्स्ट्रेटर आणि झाडलोटीपासून बाटल्या धुण्यापर्यंत सगळं बघणाऱ्या भिमाबाई, झाला विभाग. सासूबाई लग्नाला अमडापूरला गेल्या होत्या, म्हणून आज निळूही सकाळपासून कामावर रुजू होता. छताखालून गेलेल्या पाण्याच्या नळाला साडीची झोळी टांगली होती. पोरगं पडू नये म्हणून प्रेमलानं दुहेरी गाठ मारून, स्वतः लोंबकळून बघितलं होतं. झोक्याची दोरी भिमाबाईंच्या हातात.

दुपारी नागपूर विद्यापीठाची समिती तपासणीला यायची होती. बी.एस्सी.चा वर्ग मिळाला तर प्रेमलाची नोकरी कायम, नाहीतर उन्हाळ्यापासून घरी. आणि सगळी भिस्त या एका आलेखयंत्रावर. कुंडीतल्या काळ्या मातीत तार खुपसलेली. माती तापली-निवली की सरकत्या कागदावर लेखणी तशी रेघ ओढायची. काल छान ओढत होती. आज तिला हुडहुडी भरली होती. क्षणभर थरथर, मग सरळ, की पुन्हा थरथर.

निब बदलून झालं. तारांचे जोड पॉलिश पेपरनं घासून झाले. पंखा बंद केला, ट्यूब विझवली. फरक नाही.

"या रेघेले काही अर्थच नाही, बाई," भिमाबाई म्हणाल्या.

"तुम्ही झोका द्या. पोरगं रडलं की माझं डोकं चालत नाही," सर करवादले.

"आता तं नाही रडून राह्यलं. मंग काऊन नाही चालत?"

प्रेमलाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. निळू चुळबुळला म्हणून ती त्याला घेऊन मागच्या खोलीत गेली, पाजून परत आली. बघते तर कागदावर मधला तेवढा पट्टा सुतासारखा सरळ.

"तुम्ही गेलात की यंत्र शहाण्यासारखं वागतं," सर म्हणाले. "तुमची काळजी लागते वाटतं त्याला."

तिनं निळूला झोळीत ठेवलं. भिमाबाईंनी दोरी ओढली. नळ करकरला आणि लेखणी थरथरली. पुन्हा करकर, पुन्हा थरथर. हा ताल प्रेमलाच्या अंगात मुरलेला होता. त्यावर तर ती गेले पाच महिने जागत होती.

"भिमाबाई, थांबा बरं."

रेघ सरळ.

"आता द्या."

थरथर.

भिमाबाईंच्या हातून दोरीच सुटली. "अवं माय! लेकरू लिहून राह्यलं!"

सर स्टुलावर चढले. यंत्रातून निघून जमिनीशी जोडणारी तार त्याच नळाला पट्टीनं आवळलेली होती. तिला वायरमनपासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळे 'अर्थ'च म्हणत. झोळीची दुहेरी गाठ बरोब्बर त्या पट्टीवर बसली होती. प्रत्येक झोक्याला पट्टी उचलली जायची, तार सुटायची आणि साऱ्या इमारतीतल्या विजेची गुणगुण लेखणीत शिरायची. त्यात सर आणि प्रेमला यंत्रावर वाकले, की निळू रडू नये म्हणून झोका आणखी जोरात!

"अर्थ सुटलाय!" सर वरून ओरडले.

"मी सकाळपासून काय म्हणून राह्यली मंग?" भिमाबाई.

प्रेमलानं मात्र निळूला केव्हाच उचलून त्याचे तळहात-तळपाय चाचपायला सुरुवात केली होती. "सर, त्याला शॉक..."

"सुती साडी आहे, बाई. आणि त्या तारेत करंट नसतो."

"पण साडी ओली केलीय त्यानं."

"तरीही नाही," सर म्हणाले आणि घाईघाईनं खाली उतरून त्यांनी हात धुतले.

पट्टी आवळली, गाठ बाजूला सरकवली, तोच बाहेर जीप थांबली.

समितीतल्या वयस्कर गृहस्थांनी सरळ रेघ बघून मान डोलावली. मग सहज कागद मागे ओढला आणि सकाळची थरथर समोर आली. "हे काय?"

सर खोकले. कडेवर पोर घेतलेली प्रेमला पुढे झाली. नोकरी जायचीच असेल तर निदान रेघेचा अर्थ सांगून जाऊ दे.

"दाखवते," ती म्हणाली. निळूला भिमाबाईंकडे देऊन तिनं स्टुलावर चढून पट्टी सैल केली, गाठ पुन्हा तिच्यावर आणली, झोळीत कोरडं दुपटं घातलं, त्यावर निळूला ठेवलं आणि दोरी त्या गृहस्थांच्याच हातात दिली.

त्यांनी ओढली. लेखणी थरथरली. थांबले, रेघ सरळ. पुन्हा ओढली. गृहस्थ पोट धरून हसले, पण झोका काही सोडेनात.

"शोधलं कोणी हे?"

"आमच्या बाईंनी," सर म्हणाले. "बिघाड आणि दुरुस्ती, दोन्ही त्यांचंच."

"मग वर्ग चालवतील या. आणा तो अहवाल, सही करतो."

त्यांनी दोरी सोडली. निळूनं भोकाड पसरलं. त्यांनी घाबरून पुन्हा दोरी धरली. निळू गप्प. पेन उचललं, की भोकाड.

"बाई," सर हळूच म्हणाले, "आता त्याला घ्या लवकर. नाहीतर सहीसुद्धा थरथरत येईल."