ठकठकबाई

पाणचक्की सुरू झाली की कुणी दार वाजवावं तसा जमिनीखालून आवाज यायचा. ठक, ठक. गावाने तिचं नाव ठेवलं ठकठकबाई. पोर जेवायला कुरकुरलं की आया तिला हाक मारत, नि पोर निमूट चार घास जास्त खाई. बाई होती मात्र घरचीच, म्हाताऱ्या चक्कीवाल्याची आई. तो अंगावर पीत होता तेव्हा ती चक्कीच्या पाटात बुडून गेली. जाळीतला पाला काढताना पाय घसरला, असं घरचे सांगत. तान्हं पोर टाकून जीव दिला, असं गाव म्हणे. उचलली जीभ लावली टाळ्याला, गावाचं काय जातंय!

आता चक्की त्याची लेक चालवत होती. दगड डगमगायला लागला म्हणून तिने सुताराला बोलावलं. तो खाली चाकापाशी उतरला आणि हसतच वर आला.

"ताई, सापडली तुमची ठकठकबाई! दांड्याची पाचर सैल आहे. ठोकली नाही तर दगड फुटेल."

तिने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"जन्म पिठात गेला माझा. सैल पाचर कळणार नाही?"

"मग ठोकली का नाही?"

म्हातारा पोत्यावर टेकला. "शाळेत पोरं चिडवायची, आई टाकून गेली तुला. मग ही पाचर ढिली झाली, नि तीच पोरं म्हणायला लागली, तुझी आई रोज येते रे. बाप पाचर ठोकायचा, मी गुपचूप ढिली करायचो. टाकून गेलेली बाई कधी परत येते का?"

लेक त्याच्या शेजारी पोत्यावर बसली. आजीला भूत म्हटलं म्हणून ती लहानपणी भांडून यायची, आणि बाबा गप्प राहायचे. त्याचा तिला आजवर राग होता.

"राहू द्या तशीच," ती सुताराला म्हणाली.

"वेडी का तू?" म्हातारा उठला. "इथे बायाबापड्या दळणाला उभ्या असतात. दगड फुटून कुणाच्या पोराची आई गेली म्हणजे? आण ती मोगरी."

सुताराच्या खांद्याचा आधार घेत तो खाली उतरला आणि पाचर त्याने स्वतः ठोकली.

पाणी सोडलं. दगड फिरू लागला, नुसती दाण्यांची घरघर. दळणाला आलेली शेजारीण जमिनीकडे बघत राहिली.

"हे काय, आज ठकठकबाई नाही आली?"

म्हाताऱ्याने पिठाच्या हातानेच डोळे पुसले.

"दमली असेल गं," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत एक दिवस खाडा केला नाही तिने."