राहुकाळानंतरचा अर्ज

“अगं, एकच ओळ वर घे. कोण बघतंय?” श्रीधररावांनी पाकीट पद्मावतीच्या टेबलावर ठेवलं आणि आवाज एकदम घरचा केला.

पद्मावतीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून सात मिनिटं झाली होती. अर्ज घ्यायची मुदत बाराची. बाराच्या ठोक्याला तिने आवक वहीत शेवटच्या अर्जाखाली तांबडी रेघ मारली होती आणि वेळ घालून सही केली होती.

सरकारी कंपन्यांतल्या कामगारांचे तंटे ऐकणाऱ्या या न्यायाधिकरणात वरिष्ठ न्यायाधिकाऱ्याची एक जागा भरायची होती. अर्ज कागदावरच, बंद पाकिटात, हातोहात द्यायचा. श्रीधरराव कामगार न्यायालयातून न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याइतका अनुभव आधीच्या एकोणीस अर्जदारांत कोणाला नसावा. उशीर कशाने झाला म्हणाल, तर आज शुक्रवार. साडेदहा ते बारा राहुकाळ. हा विद्वान माणूस सव्वाअकरापासून खाली आवारात मोटारीत, मांडीवर पाकीट घेऊन, राहुकाळ संपायची वाट पाहत बसला होता. पद्मावतीने जिन्याच्या खिडकीतून त्यांना दोनदा पाहिलंही होतं. कोणाला तरी न्यायला आले असतील, असं तिला वाटलं.

“वर यायचं की हो, भावजी. राहुकाळ तर राहुकाळ,” ती म्हणाली.

“तुला माहीत आहे, राहुकाळात मी एक काम केलं नाही आजवर. जे. पी. नगरच्या घराची वास्तू असो, नाहीतर तुझ्या नोकरीचा अर्ज.”

ते खरं होतं, आणि तेच अवघड होतं. नवरा गेला तेव्हा ती तिशीतली. त्याच्या या मावसभावाने चार कचेऱ्यांत खेटे घालून तिला नोकरी मिळवून दिली. पुढे कामगार न्यायालयात अकरा वर्षं ती त्यांचीच स्टेनो होती; इथे ती नंतर आली. आणि आता तिच्या लेकीचा, रूपश्रीचा साखरपुडा येत्या रविवारी, श्रीधररावांच्या बायकोच्या भाच्याशी, त्यांच्याच घरी व्हायचा होता.

शेजारच्या टेबलावरून योगीराज आपल्या कानडी ढंगात म्हणाला, “अक्का, स्वल्प अ‍ॅडजस्ट करा की. मी असतो तर दोन ओळी सोडल्याच असत्या.”

तो थट्टा करत नव्हता. दिवसाच्या शेवटच्या नोंदीखाली दोन ओळी मोकळ्या ठेवायची या कचेरीची जुनी रीत. साहेबांच्या माणसाचा एखादा कागद पुढेमागे आदल्या तारखेत बसवता यावा म्हणून. पद्मावती आवकेच्या टेबलावर आली आणि तिने ती रीत मोडली. त्याबद्दल तिला कोणी शाबासकी दिली नव्हती.

“रेघेच्या वर एकोणीस-अ म्हणून लिही,” श्रीधरराव म्हणाले. “सात मिनिटांचा तर प्रश्न. त्यात कोणाचं काय जातं?”

“कोणाचं काय जातं?” पद्मावतीचा आवाज चढला. “रघुजी आठवतो?”

“कोण रघुजी?”

त्यांना आठवत नव्हता, याचाच तिला संताप आला. रघुजी पंपहाउसवरचा हंगामी कामगार, एका दिवसात कामावरून काढलेला. त्याचा अर्ज नऊ दिवस उशिरा आला म्हणून श्रीधररावांनी फेटाळला होता. ‘विलंबासाठी पुरेसे कारण दिसत नाही.’ हे वाक्य तिने इतक्या निकालांत टाइप केलं होतं की त्यांनी सांगायच्या आधीच तिची बोटं चालायची. रघुजीने तिच्याच टेबलाशी येऊन विचारलं होतं, अक्का, यात काय लिहिलंय? आणि तिनेच ते त्याला वाचून दाखवलं होतं.

“त्याची बायको इस्पितळात होती, भावजी. तुम्ही खाली आवारात होता.”

श्रीधररावांचा चेहरा उतरला आणि लगेच कडक झाला. “तू मला कायदा शिकवणार?”

“तुम्हीच सांगितलात. मी नुसता टाइप केला.”

“सरी, ठीक आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “रविवारचं मग बघावं लागेल. घरात बोलतो.”

रूपश्रीने साडीला फॉलसुद्धा लावून आणला होता. एक ओळ लिहिली की सगळं जागच्या जागी राहिलं असतं. पण पोरीच्या साखरपुड्याची ही अशी किंमत लावलेली पाहून ती मनातून पेटली. तिने शिक्का उचलून पाकिटावर दाबला, खाली वेळ घातली आणि लिहिलं, ‘मुदतीनंतर प्राप्त’. मग रेघेच्या खाली नोंद केली आणि वही त्यांच्यासमोर फिरवली.

“इथे सही करा, साहेब.”

भावजींचे साहेब झालेले त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी खिशातलं पेन काढून सही केली आणि मागे न बघता जिना उतरून गेले. योगीराज फाइलीत डोकं खुपसून बसला होता.

पद्मावतीने इलेक्ट्रॉनिक सिटीला, रूपश्रीच्या ऑफिसात फोन लावला.

“रूपे, श्रीधरकाका आले होते. अर्ज घेऊन. ‘उशिरा आला’ असा शिक्का मारला मी त्याच्यावर. रविवारचं बहुतेक मोडलं गं.”

“मुदत कितीची होती?”

“बाराची.”

“आणि ते?”

“बारा-सात.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“मग उशीरच की, अम्मा,” ती म्हणाली. “तू जेवून घे.”