दाब निम्मा, ऊब चौथाई

मित्रांनो, एक बारीक काटा, दोन वायरी आणि तडा गेलेली काच, एवढाच माझा पसारा. मी एक जुना मल्टिमीटर आहे. माझा जन्म दूर उत्तरेकडच्या कारखान्यात झाला. पण आयुष्य गेले ते पामीरच्या डोंगरांत, रुशानजवळच्या एका गावी, शोगुनबेक वायरमनच्या पिशवीत.

शोगुनबेक मला फार जपे. काच बाहीने पुसल्याशिवाय तो माझ्याकडे बघत नसे. कोणाच्या घरचा दिवा मिणमिणला की तो मला तारांना जोडी. मी आधी विजेचा दाब सांगे, मग धारा. पुढचे तो तोंडी करी. दाबाला धारेने भागले की रोध, आणि दाबाला धारेने गुणले की शक्ती. "हा कधी खोटं बोलत नाही," असे तो लोकांना सांगे, तेव्हा मला फार बरे वाटे.

पण खरे सांगणे निराळे आणि उपयोगी पडणे निराळे. ते मला लढाईच्या काळातल्या एका हिवाळ्यात कळले.

रस्ते बंद होते. कोळसा येत नव्हता. लोकांनी दारची झाडेसुद्धा तोडून जाळली. उरली होती ती नदीवरच्या छोट्या केंद्राची वीज. नदी गोठत गेली तशी तीही आटली, आणि नेमक्या तेव्हाच घरोघरी विजेच्या शेगड्या लागल्या.

त्याच दिवसांत गावच्या दवाखान्यात गुलनमोला सातव्या महिन्यात मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढीशी. परिचारिका सावसनने तिला कापसात गुंडाळून शेगडीजवळ ठेवले. दुपारी खोली गार पडू लागली. शेगडीची तार काही केल्या लाल होईना.

"शोगुनबेक अका, शेगडी बिघडली. उघडा आणि तार बदला," सावसन म्हणाली.

"उघडताना तार तुटली तर आहे ती धगही जाईल, पोरी. आधी बघू तर दे."

रोध थेट मोजायचा तर माझ्या पोटात सेल लागतो. तो केव्हाच संपला होता आणि नवा मिळत नव्हता. म्हणून त्याने दाब घेतला. एकशे दहा व्होल्ट. धारा घेतली. अडीच अँपिअर. भागाकार आला चव्वेचाळीस ओहम. थंडीच्या आधी, दाब दोनशे वीस असताना, याच शेगडीतून पाच अँपिअर जात होते. तेव्हाही भागाकार चव्वेचाळीसच होता.

"तार धडधाकट आहे," तो म्हणाला. "दाबच निम्मा येतोय."

"म्हणजे ऊब निम्मी?"

"निम्मी असती तर आणखी काय हवं होतं! दाब निम्मा झाला तशी धाराही निम्मी झाली. ऊब राहिली चौथाई. तेव्हा अकराशे वॅट होते, आता पावणेतीनशे."

सावसनने अंगावरची शाल काढून मुलीवर घातली.

मला तिथेच जोडून ठेवून शोगुनबेक बर्फातून दारोदार निघाला. थोडा वेळ शेगड्या बंद ठेवा, एवढेच त्याला सांगायचे होते. आणि काय सांगू मित्रांनो, माझा काटा सरकू लागला! एकशे तीस. दीडशे. पावणेदोनशे. "चढ रे बाबा, चढ!" सावसन माझ्यावर ओणवी झाली होती. तार लालसर झाली. मुलीने बारीक आवाज काढला.

मग काटा थांबला, आणि उतरू लागला. प्रत्येक घराला वाटले असेल, बाकीच्यांनी बंद केलीच आहे, आपल्या एकाने काय होणार? मला ओरडावेसे वाटले, पण मला तोंड नाही. सावसनने रागाने माझ्यावर थाप मारली. काचेला तडा गेला तो तेव्हा. काटा मात्र जिथे असायचा तिथेच राहिला.

शोगुनबेक परतला. "कोणी चालू केली परत?" सावसनने विचारले.

"तोंडावर सगळे हो म्हणाले. त्यांच्याही घरात पोरं कुडकुडतायत. शिव्या तरी कोणाला द्यायच्या?" आणि तो मान खाली घालून बसला.

गुलनमोची सासू, नझरमो बीबी, इतका वेळ कोपऱ्यात बसून होती. ती उठली. "झाली का तुमची गणितं? द्या पोर इकडे." तिने रुईभरला कोट उघडला आणि नात उघड्या छातीशी धरली. "माझ्यात किती वॅट आहेत, ते मागाहून मोजा!"

बर्फ वितळेपर्यंत ती मुलगी एका छातीवरून दुसऱ्या छातीवर फिरत राहिली. ज्यांनी शेगड्या पुन्हा लावल्या, त्या घरांतल्या बायकाही पाळी घ्यायला आल्या. मुलगी जगली. त्यात माझा वाटा काहीच नव्हता.

पुढे शोगुनबेक थकला. त्याच्या जावयाने आकडे उमटणारा नवा मीटर आणला. माझ्या पोटातला मेलेला सेल कोणी काढलाच नाही. तो पाझरला आणि त्याने माझे आतडे खाल्ले. आता मी खिळ्यांच्या डब्यात पडून असतो. कोणी जोडले तरी काटा हलत नाही.

मित्रांनो, आपल्या हत्यारांना जपा. आणि कडाक्याच्या थंडीत दुसरी शेगडी लावण्याआधी, त्याच तारेच्या शेवटी कोण बसले आहे याचा विचार करा. आम्हाला फक्त दाखवता येते. बटण तुमच्या हातात आहे.