केकचा धर्मपिता

मेक्सिकोतल्या साल्तियोत मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याला प्रत्येक गोष्टीसाठी धर्मपिता लागतो: अंगठीला, वाद्यवृंदाला, केकला. त्या वस्तूचे पैसे तो देतो. खर्च किरकोळ असतो. मात्र त्या दिवसापासून दोन घरे एकमेकांची होतात. लोखंडाच्या ओतशाळेचे मालक एव्हारिस्तो, आदराने डॉन एव्हारिस्तो, यांनी आपल्या मुलीच्या केकचे धर्मपितृत्व आमच्या पंपांच्या कारखान्याचे डॅनिश संचालक टोर्बेन यांना देऊ केले. टोर्बेन यांनी ती विनंती कोपनहेगनच्या मुख्यालयाला कळवली. तिथे ती ‘पुरवठादाराशी हितसंबंध’ या सदरात पडली आणि डॉन एव्हारिस्तोंना नकाराचे पत्र गेले: विनम्र, मुद्देसूद, कायदा विभागाला प्रत देऊन. पत्रात एकही चूक नव्हती.

त्यानंतर डॉन एव्हारिस्तोंची भट्टी बिघडली.

आमच्या पंपांची कवचे ओतणारी दुसरी भट्टी नव्हती. महिनाअखेर पहिली खेप गेली नाही, तर साल्तियोचा कारखाना बंद करायचे कोपनहेगनने ठरवले होते. मी धातुशास्त्रज्ञ, कवचांच्या दर्जाची जबाबदारी माझी. कारखाना वाचवायला मला कुणी सांगितले नव्हते. पण प्रयोगशाळेतली माणसे रोज सकाळी आधी माझा चेहरा तपासत आणि मग कामाला लागत.

मी ओतशाळेत गेले.

“या, इंजिनिअरबाई! उपाशी तर नाही ना आलात?” डॉन एव्हारिस्तोंनी कॉफी आणि पाव पुढे केला.

“भट्टीचं काय झालं?”

“काय सांगू! म्हातारी झाली बिचारी.”

त्यांच्या पाठीमागे भट्टीच्या झाकणाच्या फटीतून पिवळसर पांढरा उजेड येत होता. लोखंड त्या रंगाला कधी येते हे मी झोपेतही सांगेन. बिघडलेली भट्टी त्या रंगाची नसते. मी तो उजेड पाहिला, आणि मी पाहिला हे त्यांनीही पाहिले.

“आणखी एक पाव घ्या,” ते म्हणाले.

शनिवारी मी टोर्बेन यांना सोहळ्याला नेले. गाडीत ते म्हणत राहिले, “माफी मागतो. काय म्हणाल ते करतो, ग्रासिएला.” डॉन एव्हारिस्तोंनी त्यांना मिठी मारली, “घर आपलंच समजा” म्हणाले आणि उत्तम टेबलावर बसवले. केकचा धर्मपिता शेजारच्या टेबलावर होता: मोन्तेर्रे शहरातल्या एका कंपनीचा खरेदीप्रमुख. भट्टी कुणासाठी पेटली होती, तेही कळले.

टोर्बेन यांना राहवले नाही. “सोमवारी माल मिळेल?”

“सोमवारी, देवाच्या मनात असेल तर. काळजीच सोडा!”

“ऐकलंत?” टोर्बेन यांचे डोळे भरून आले. “सोमवारी!”

त्या होकारात नकाराचे प्रमाण किती, हे दाखवणारे उपकरण माझ्याकडे नव्हते, गरजही नव्हती. मी डॉन एव्हारिस्तोंना मांस भाजायच्या शेगडीपाशी गाठले.

“मला धर्ममाता करा. कशाचीही. फुलांची, कागदी रुमालांची.”

“रुमालांची? माझी पोर काय शेंबडी वाटली तुम्हाला?” ते हसले, मग हसू आवरले. “तुम्ही मागितलंत, मी नाही म्हणणार नाही. बुटांची व्हा. पण बाई, हे नातं तुमचं. तुमच्या घराला आग लागली तर बादली घेऊन पहिला मी धावेन. कंपनीच्या घराला लागली, तर तिच्या वकिलांनी धावावं.”

“त्या कंपनीत माझी माणसं आहेत, डॉन एव्हारिस्तो.”

“पाठवा माझ्याकडे. जमेल तेवढ्यांना ठेवून घेईन.”

ते मनापासून बोलत होते. माझ्याजवळचा शेवटचा युक्तिवाद त्यामुळे संपला.

संगीत थांबले आणि माइकवरून घोषणा झाली: “इंजिनिअर ग्रासिएला बेर्लांगा, आमच्या मायेलाच्या पहिल्या उंच टाचांच्या बुटांची धर्ममाता!” टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टोर्बेन यांच्या. बूट ठेवलेली उशी हातात घेऊन मी मुलीजवळ पोहोचले, तोवर त्यांनी फोन कानाला लावला होता: संबंध सुधारले, खेप सोमवारी निघते, कारखान्याचा निर्णय थांबवा. मला त्यांच्यापर्यंत जाता येईना. सगळा मंडप माझ्याकडे पाहत होता.

डॉन एव्हारिस्तो गुडघ्यावर बसून लेकीच्या पायात बूट चढवत होते. मान वर न करता ते हळूच म्हणाले, “हसा की, धर्मबहिणी. फोटो काढताहेत.”